सवलत, अतिक्रमण, हक्क : सिद्धगडाखालच्या उताराची दीडशे वर्षे

ठाणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात शेतकऱ्याचे घर दोन प्रकारच्या जमिनींवर चालत आले आहे. खाली ओढ्याच्या अंगाला बांध घातलेली भाताची खाचरे आणि वर डोंगराच्या उताराला वरकस. खाचर कोणालाही शेत म्हणून ओळखू येते. वरकस मात्र बाहेरच्या माणसाला पडीक माळ वाटते. मुरबाड तालुक्यात सिद्धगडाखालची नारिवली, बोरवाडी ही गावे घ्या, किंवा उत्तरेला शहापूर तालुक्यातले माहुलीच्या नि कसाऱ्याच्या डोंगरातले पाडे घ्या. या उतारावर पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरी, मग खुरासणी, आणि नंतर काही वर्षे जमीन मोकळी, असा फेर चाले. मोकळ्या वर्षांतही जमीन रिकामी नसे. तिथे गुरे चरत, घरावर शाकारायचे गवत वाढे, सरपण मिळे आणि मुख्य म्हणजे राबासाठी कवळ मिळे. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि कुणबी, सगळ्यांचा संसार या उताराला टेकलेला.

या उताराचा वापर काय असावा, हे गेल्या दीडशे वर्षांत सरकारने पुन्हा पुन्हा नव्याने ठरवले. दर वेळी नकाशा आधी तयार झाला आणि जमीन कसणाऱ्याला नंतर कळले. एकाच उतारावर तेच काम करणारा माणूस आधी वहिवाटदार होता, मग सवलत मागणारा झाला, मग अतिक्रमक ठरला आणि २००६ नंतर हक्काचा दावेदार झाला.

राब आणि रेल्वे

राबाशिवाय हा तंटा कळत नाही. शिमगा सरला की खाचराचा एक तुकडा दाढीसाठी, म्हणजे भाताचे रोप तयार करण्यासाठी, निवडायचा. त्यावर वाळलेल्या शेणाचा थर द्यायचा. त्यावर ऐनासारख्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या, म्हणजे कवळ. वर पातेरा नि गवत, आणि सगळ्यांत वर बारीक माती भुरभुरायची, म्हणजे आग भडकत नाही, धुमसत राहते. पेटवायचे तेही वाऱ्याच्या तोंडावर नव्हे, उलट बाजूने. ही भाजणी म्हणजे राब. ती नीट झाली की तणाचे बी जळते, माती भुसभुशीत होते आणि राख खताचे काम करते. पहिल्या पावसाला त्यात भात पेरायचे, रोप हाताला आले की उपटून खाचरात आवणी करायची. इथे पाऊस असा कोसळतो की उघड्या जमिनीवर थेट पेरले तर तण भातावर चढते. म्हणून राब हा शेतीचा पाया. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरनेही भातशेतीच्या वर्णनात राबाला जागा दिली आहे. कवळ मिळायची ती वरकसातल्या आणि जंगलातल्या झाडांची. झाड मुळातून तोडत नसत. फांद्या छाटत, आणि झाड पुन्हा फुटत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या झाडांना दुसरे गिऱ्हाईक आले. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली आणि मग वासिंद, आसनगाव, कसारा असा शहापूर तालुका कापत १८६५ मध्ये थळ घाट चढून गेली. रुळांखाली स्लीपर लागत, पुलांना वासे लागत, वाढत्या मुंबईला इमारती लाकूड आणि जळण लागे. ठाण्याचे जंगल मुंबईच्या सर्वांत जवळचे. डोंगरावर कुऱ्हाड चालवून लाकूड कल्याण-भिवंडीच्या वखारीत आणणारे ठेकेदार याच काळात गबर झाले. जंगल उजाड होऊ लागले तेव्हा सरकारला काळजी वाटू लागली. ती काळजी खोटी नव्हती. पण दोष ज्याच्या माथी आला तो वखारवाला नव्हता, रेल्वेही नव्हती. कवळ तोडणारा शेतकरी आणि डोंगर कसणारा आदिवासी होता.

१८७८ : हक्काची सवलत होते

हिंदुस्थानात १८६४ मध्ये वनखाते उभे राहिले आणि पुढच्या वर्षी पहिला वनकायदा झाला. त्या कायद्यात दात कमी होते. जंगलावर गावाचा परंपरागत हक्क किती मानायचा, यावर पुढची बारा-तेरा वर्षे सरकारात वाद चालला. गावाची वहिवाट हा हक्क आहे, तो मोजून-मापून मान्य करावा, असे काही अधिकाऱ्यांचे मत होते. दुसरा पक्ष म्हणे, राजाने चालू दिले म्हणून चालले; तो हक्क नव्हे. १८७८ च्या वनकायद्यात दुसरा पक्ष जिंकला. जंगलांची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी झाली. राखीव जंगलात जे स्पष्ट परवानगीने दिलेले नाही ते सगळे मनाई. १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने खातेदाराच्या शेतातल्या झाडांचाही हिशेब मांडला. साग, शिसव यांसारखी मोलाची झाडे अनेक ठिकाणी सरकारने स्वतःकडे राखली.

मग डोंगरात मोजणी आली. दगडांच्या खुणा बसल्या, रेषा आखल्या गेल्या. ज्या उतारावरून आजा-पणजा कवळ आणत होता तो रेषेच्या आत गेला. तिथे कोयता घेऊन जाणे गुन्हा झाले. गार्डाने कोयता जप्त करायचा, दंड मागायचा किंवा मिटवून घ्यायचे, हा व्यवहार सुरू झाला. राबाला कवळ नाही तर दाढ नाही, दाढ नाही तर आवणी नाही. डोंगरावरच्या मनाईने खालचे खाचर अडचणीत आले, आणि खाचराचा सारा तर सरकारच घेत होते. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये वनखात्याने गावांची राने गिळल्याची तक्रार आहे. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत ती सर्वांत तीव्रपणे उमटली.

अर्ज गेले, सभा झाल्या, वर्तमानपत्रांत लेख आले. यात आदिवासी होते तसे वरकसावर हक्क सांगणारे खातेदार आणि जमीनदारही होते, आणि वजन अर्थातच लिहिता-वाचता येणाऱ्यांचे जास्त होते. शेवटी मुंबई सरकारने १८८५ मध्ये वनआयोग नेमला. त्याने ठाणे-कुलाब्यातल्या तक्रारींवर साक्षी घेतल्या आणि १८८७ मध्ये अहवाल दिला. शेतकऱ्याला राब कसा लागतो, कवळ कुठून येते, जंगलाच्या रेषेने काय अडले, याची नोंद इतक्या विस्ताराने सरकारी कागदावर पहिल्यांदाच झाली.

राब ही अडाणी चाल आहे, तिच्याऐवजी दुसरे खत वापरावे, असा वनखात्याचा युक्तिवाद होता. शेतकी खात्याने मग स्वतः प्रयोग केले. राब भाजलेल्या दाढीतले रोप साध्या दाढीपेक्षा सरस येते, असे त्यांत दिसले. हिंदी शेतीची पाहणी करायला विलायतेहून आलेल्या जॉन ऑगस्टस व्होएल्कर या रसायनशास्त्रज्ञाने १८९३ च्या अहवालात या प्रयोगांची दखल घेतली. ज्या चालीला अज्ञान म्हटले गेले तिच्यात इथल्या पावसाचे नि मातीचे ज्ञान होते, हे सरकारच्याच तज्ज्ञांनी मान्य केले.

तरीही मूळ चौकट हलली नाही. काही भागांत कवळ तोडायला मुभा मिळाली, काही झाडे सोडून दिली गेली, चराईचे नियम सैल झाले. पण हे सगळे सवलत म्हणून. सवलत देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो, ही तिची खरी अडचण. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा आला; अंगणापुढे पडलेली फुले साठवणेही अवघड झाले. त्याच वर्षी शहापूर तालुक्यातले तानसा धरण पूर्ण होऊन मुंबईला पाणी गेले. या डोंगराचे लाकूड, पाणी आणि महसूल कोणाकडे जाणार, ही दिशा एकोणिसावे शतक संपायच्या आत पक्की झाली होती.

स्वातंत्र्याची लढाई आणि उतार

पुढच्या अर्धशतकात हा राग राष्ट्रीय चळवळीला येऊन मिळाला. १९३० च्या जंगल सत्याग्रहात उरणजवळच्या चिरनेरला २५ सप्टेंबर रोजी गोळीबार होऊन सत्याग्रही हुतात्मे झाले. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांनी कर्जत भागातल्या शेतकरी-आदिवासींसाठी धान्यकोठ्या उभ्या केल्या, कारण पावसाळ्यात सावकाराकडून घेतलेले भात सुगीत दीडपट-दुप्पट होऊन फेडावे लागे. १९४२ मध्ये त्यांच्या आझाद दस्ता या भूमिगत गटाने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. शेवटचा आसरा त्यांनी सिद्धगडाच्या रानात घेतला. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलिसांनी तिथे गाठून केलेल्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. दरवर्षी त्या दिवशी लोक सिद्धगडाला जमतात. स्वराज्यात आपल्या डोंगरावर आपले चालेल, ही अपेक्षा त्या पिढीच्या मनात होती.

३० ऑगस्ट १९७५

स्वातंत्र्यानंतर पहिली दोन पावले परस्परविरोधी पडली. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्या कुळाला मालक केले. ठाण्यातल्या कित्येक आदिवासी कुळांच्या नावावर खाचराबरोबर वरकसही आली. त्याच सुमारास सरकारने दुसरीकडे वनकायद्यात दुरुस्ती करून खाजगी जमिनीवरची झाडतोड रोखण्याच्या नोटिसा काढायला सुरुवात केली. जमीनदार झाडे विकून मोकळे होतील ही भीती होती, आणि ती रास्त होती. या नोटिसा वनकायद्याच्या कलम ३५(३) खाली निघत. त्या बहुधा जमीनदाराच्या नावे काढलेल्या. बजावल्या गेल्या की नाही, त्यावर सुनावणी झाली की नाही, याचा अनेक ठिकाणी पत्ता नव्हता. त्या फायलीत पडून राहिल्या.

वीसेक वर्षांनी त्या जाग्या झाल्या. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ हा ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झाला. त्या दिवशी खाजगी वने सरकारजमा झाली. कायद्याच्या व्याख्येत जंगल होतेच, शिवाय ज्या जमिनीबाबत ३५(३)ची नोटीस निघाली होती ती जमीनही होती. मग तिच्यावर प्रत्यक्षात झाडे असोत, नागलीचे पीक असो की घर असो.

गावात हे कसे पोहोचले ते पाहण्यासारखे आहे. दवंडी नाही, मोजणीदार नाही. तलाठ्याच्या दप्तरात एक फेरफार पडला आणि सातबाऱ्यावर, कुठे कब्जेदाराच्या रकान्यात तर कुठे इतर हक्कात, वनाची नोंद चढली. शेतकरी पावसाळ्यात वरकसावर नांगर घेऊन जातच राहिला. सोसायटीत कर्ज मागताना, भावाभावांत वाटप करताना किंवा गार्ड अडवायला आला तेव्हा त्याला समजले की आपण सरकारच्या जमिनीवर उभे आहोत. लहान शेतकऱ्यावर अन्याय होतो हे विधिमंडळाच्याही ध्यानात आले. १९७८ मध्ये कलम २२-अ घालून बारा हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना ती परत मिळण्याची वाट ठेवली गेली. पण त्यासाठी अर्ज, दाखले, सुनावणी आणि तालुक्याच्या फेऱ्या. कातकरवाडीतल्या माणसाला ती वाट लांबची होती.

हाच कायदा शहरातही पोहोचला. मुलुंड आणि ठाण्यात जुन्या नोटिसांच्या जमिनींवर वसाहती उभ्या राहिल्या होत्या, आणि तिथली घरे एकाएकी वनजमिनीवर ठरली. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० जानेवारी २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की नुसती नोटीस काढणे पुरेसे नाही. ती बजावली जाऊन पुढची कारवाई झालेली असली पाहिजे. शहरातल्या घरमालकांना दिलासा मिळाला, आणि तो न्याय्यच होता. पण त्याच तत्त्वावर डोंगरातल्या खातेदाराला आपला सातबारा दुरुस्त करून घ्यायचा तर वकील आणि वर्षे लागतात.

अतिक्रमक ते दावेदार

सरकारच्या जंगलात पूर्वीपासून कसणाऱ्यांची कथा याला समांतर चालली. दळी, एकसाली, फॉरेस्ट प्लॉट अशा नावांनी जमीन वर्षा-वर्षाच्या बोलीवर मिळे. ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे राज्य सरकारने त्याच वर्षी ठरवले. काम पुरे व्हायच्या आत ऑक्टोबर १९८० मध्ये केंद्राचा वनसंवर्धन कायदा आला आणि वनजमिनीबाबतचा निर्णय दिल्लीच्या परवानगीला बांधला गेला. त्याच दशकात भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. पुणे, ठाणे आणि रायगड या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या त्या १३० चौरस किलोमीटरांच्या रानात सिद्धगडाचा परिसरही आला. शेकरूचे घर वाचले, हे मोठेच काम झाले. पण त्या रानात राहणाऱ्या माणसांच्या वहिवाटीचे काय, हे सुटले नाही.

कसणाऱ्याकडे पुरावा मागितला जाई तो वनखात्याच्या दंडाच्या पावतीचा. ज्याला गार्डाने पकडून पावती फाडली त्याचे कसणे सिद्ध, आणि ज्याच्याकडून पावती न देता पैसे घेतले किंवा कोंबडी नेली त्याचे कसणे असिद्ध! हा उफराटा न्याय ठाण्याच्या आदिवासी संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. कष्टकरी संघटनेच्या प्रदीप प्रभू यांच्या याचिकेवर १९९५ मध्ये न्यायालयाने दंडपावतीपलीकडचा पुरावाही तपासायला सांगितले. १० ऑक्टोबर २००२ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात ही तपासणी गावपातळीवर आणली. पुढे देशाच्या कायद्यात जे आले त्याची तालीम ठाणे, नंदुरबार अशा जिल्ह्यांच्या गावसभांत झाली होती.

डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. वननिवासींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाला, असे त्याच्या उद्देशिकेतच लिहिले आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली, जास्तीत जास्त चार हेक्टर जमीन आदिवासी कुटुंबाला मिळते. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. तो वारशाने जातो, विकता येत नाही. सगळ्यांत मोठा बदल प्रक्रियेत आहे. दावा आधी ग्रामसभेपुढे येतो. गावाने निवडलेली वनहक्क समिती जागेवर जाते, जीपीएसने फेरी मारते आणि पंचनामा करते. बांध, विहीर, जुने झाड, घराचे जोते हा पुरावा चालतो. गावातल्या वयस्क माणसाचा लेखी जबाबही चालतो. १८८५ च्या आयोगापुढे साक्ष द्यायला गेलेल्याचे म्हणणे कागदावर टिपले जाई आणि निर्णय मुंबईत होई. इथे साक्ष गावात होते आणि पहिला ठराव गावच करते. ग्रामसभेच्या हातात सामूहिक वनहक्कही आला, म्हणजे अख्ख्या गावाचे रान राखण्याचा नि वापरण्याचा हक्क. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तो देशात सर्वप्रथम मिळवून दाखवला.

अंमल मात्र रखडत झाला. दावे फेटाळले गेले, कसल्यापेक्षा कमी क्षेत्राचे पट्टे हाती आले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला किसान लाँग मार्च कसारा घाट उतरून शहापूरमार्गे मुंबईला गेला, त्यात वनपट्टे ही मुख्य मागणी होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि देशभर हल्लकल्लोळ झाल्यावर त्याच महिन्यात तो स्थगित केला. मार्च २०२३ मध्ये पुन्हा निघालेला मोर्चा शहापूर तालुक्यातल्या वासिंदला थांबला. मागण्यांत वनजमीन होतीच.

नव्या रेषा

आता उतारावर नवी गिऱ्हाइके आली आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. मुंबईच्या दोन तासांच्या अंतरात आलेल्या वरकसाला एनए प्लॉट, फार्महाउस, रिसॉर्ट असे भाव फुटले आहेत. दुसरीकडे मुरबाडमध्ये काळू नदीवर मुंबई महानगरासाठी धरणाचे काम वनपरवानगीच्या आधीच सुरू झाले. बुडितातल्या गावांनी विरोधाचे ठराव केले आणि श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेल्यावर २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवले. शिवाय पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा प्रश्न आहेच. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये म्हटले होते की संवेदनशील क्षेत्राच्या अटी ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात. तो मार्ग सोडून कस्तुरीरंगन समितीच्या आधारे गावांच्या याद्या निघाल्या. मार्च २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत मसुद्यामागून मसुदा प्रसिद्ध झाला, आणि दर वेळी गावांचा पहिला प्रश्न तोच राहिला : आम्हाला कोणी विचारले?

या इतिहासाचा जमाखर्च मांडला तर दोन्ही बाजूंनी प्रामाणिक राहावे लागेल. वनखात्याच्या रेषा नसत्या तर ठाण्याचे जंगल वखारवाल्यांनी आणि बिल्डरांनी केव्हाच संपवले असते. सिद्धगड-भीमाशंकरचे रान आज उभे आहे त्यात त्या कायद्यांचा वाटा आहे. पण राखणाऱ्यालाच चोर ठरवल्यामुळे खात्याने आपला सर्वांत जवळचा सोबती गमावला, आणि तीन-चार पिढ्यांचे श्रम कोर्टकचेरीत नि मोर्चात गेले. जंगल वाचवणे आणि गावाला विचारणे यांत विरोध नव्हता. विचारले गेले नाही म्हणून तो निर्माण झाला.

विचारण्याची साधने आज कायद्यात आहेत. शहापूर तालुका अख्खा अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडची काही गावेही आहेत. तिथे ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू असून राज्याचे नियम २०१४ पासून आहेत. सामूहिक वनहक्काखाली ग्रामसभा स्वतःच्या रानाचा आराखडा करू शकते : कुठे कवळ, कुठे चराई, कुठे कोयताबंदी. तेव्हा प्रादेशिक योजनेत हिरव्या शेती विभागाचा पिवळा रहिवासी विभाग होण्यापूर्वी, अकृषिक परवानगीची फाइल पुढे सरकण्यापूर्वी आणि धरणाचा दगड बसण्यापूर्वी तो आराखडा टेबलावर असला पाहिजे. प्रत्येक वाडीने तो आत्ताच करून घ्यावा आणि तालुक्याने तो मागून घ्यावा. १८८७ चा अहवाल गावांच्या साक्षींनी भरला होता आणि तरीही निर्णय गावांविना झाला. तीच चूक आज करायला कायद्याची सबब उरलेली नाही.